खेकड्याला स्कोप हाय का?

लिहिण्याची माझी लायकी नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलेलं नाही, आणि ज्या गोष्टीवर लिहितोय तिच्यातली माझी चूक कोल्हापुरात विद्यापीठातल्या आमच्या विभागात अजून चहाबरोबर सांगितली जाते. तरी लिहितो, कारण राग गेलेला नाही.

शाहूवाडीकडं आमची भाताची खाचरं आहेत. खेकडे बांधात बिळं पाडतात आणि सकाळी बघावं तर पाणी खालच्या खाचरात गेलेलं. कोणत्या बांधाला बिळं जास्त, किती खोल, हे मी दोन पावसाळे मोजलं आणि पीएचडीसाठी त्यावर लेख लिहिला. माझ्या मार्गदर्शक सरांनी फक्त खेकड्यांच्या जातकुळीवर लेख छापणाऱ्या एका परदेशी जर्नलचं नाव दिलं. म्हणाले, "एम्स अँड स्कोप वाच आणि पाठव."

आमच्याकडं स्कोप म्हणजे एकच. पोरगं कुठल्या लायनीला घातलं की पावणे विचारतात, "त्यात स्कोप हाय का?" म्हणजे नोकरी लागंल का. मला वाटलं, खेकड्यांच्या अभ्यासाला पुढं भवितव्य काय, ते त्या पानावर असणार. पान न उघडताच लेख पाठवला.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. नमस्कारसुद्धा नाही, एकच ओळ: आउट ऑफ स्कोप.

मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. "सर, या विषयाला स्कोप नाही म्हणतात. मग दोन वर्षांपूर्वीच का नाही सांगितलंत?"

"स्कोप म्हणजे काय रे?"

"म्हणजे... नोकरीची शक्यता."

तिथं बसलेले दोघं फसकन हसले. सर हसले नाहीत. "ते काय छापतात आणि काय छापत नाहीत, त्याला स्कोप म्हणतात. एवढंही कळत नसेल तर गावी जा आणि खेकडे खा."

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत माझं नाव पडलं. "काय स्कोप भावा, आज हाय का न्हाय?"

मग मी ते पान वाचलं. शरीररचना, वर्गीकरण घेतो; शेतीविषयक लेख घेत नाही. शेतीच्या जर्नलचं पान उघडलं. तिथं पिकं, माती, खतं आणि किडी होत्या. खेकडा कुठंच नव्हता. एकाला माझा बांध नको, दुसऱ्याला माझा खेकडा नको. ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नाही, त्यांनी बसून आखलेल्या या हद्दी. ती पानं मला आजही आवडत नाहीत.

घरी वेगळंच चाललं होतं. मामानं शिरोलीच्या एका फौंड्रीत माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती.

"दाजी," तो माझ्या वडलांना, आबांना म्हणाला, "पोरगं खेकड्यागत तिरकं चाललंय. शिरोलीत सरळ हुतंय बघा."

आबांनी मला विचारलं, "स्कोप न्हाय म्हणले व्हय?"

"तसं नाही आबा. आमच्या हद्दीत बसत नाही म्हणाले."

"मग बांधाचं तसंच असतंय की. भांडायला दोघांचा, राखायला कुणाचाच न्हाय." पुढं म्हणाले, "सुगी हुईपतोर बघ. एकानं जरी हाय म्हणलं तर शीक. न्हायतर शिरोली."

तिसरं जर्नल पाणथळ जागांवरचं होतं. या वेळी शब्दकोश घेऊन पान तीनदा वाचलं. एका ओळीत माणसानं तयार केलेल्या पाणथळ जागाही येतात असं होतं. म्हणजे आमचं खाचर. लेख पाठवला.

दिवस गेले, उत्तर नाही. सर जिन्यात भेटले. "अजून आहेस?" एवढंच म्हणाले आणि वर गेले. मी सुगीला गावी आलो. भात कापलं, झोडलं. सोमवारी मामा मला न्यायला येणार होता.

शनिवारी खळ्यावर पोती शिवत होतो. रेंज येते तेवढ्या एका दगडावर फोन ठेवला होता, तो वाजला. मेल होता. छापणार असं त्यात कुठं म्हटलं नव्हतं. दोन तज्ज्ञांकडं लेख पाठवलाय, आणि तो आमच्या जर्नलच्या स्कोपमध्ये बसतो, एवढंच.

मी आबांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत: "आबा, स्कोप हाय म्हणत्यात."