सोनगीरचा ओके रिपोर्ट

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. जवान आम्हाला 'डॉक्टर साब' म्हणत. डिग्री कसली नाही. पण पोस्ट उंचावर, खरा डॉक्टर खाली बेसवर, आणि मधे बर्फ. तेव्हा ऑक्सिजनचे सिलिंडर आणि माझी औषधांची पेटी, एवढाच आमचा दवाखाना. त्या पोस्टवर खानदेशातले आम्ही दोघेच होतो. मी भडगावचा, आणि रेडिओ ऑपरेटर नाईक सुपडू महाजन सोनगीरचा.

रोज संध्याकाळी पाचला प्रत्येक पोस्ट बेसला ओके रिपोर्ट देते. माणसे, हत्यारे, सगळे जागेवर आणि ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी मी बंकर-बंकर फिरून एकेकाचे तोंड बघायचो. ओठांचा रंग, श्वासाचा वेग, बोलताना वाक्य तुटते का. उंचीवर फुफ्फुसात पाणी भरू लागले की माणसाला स्वतःला ते कळतेच असे नाही. खोकणारा स्वतः येऊन गोळी मागतो. मला भीती असायची ती अचानक गप्प झालेल्याची, जेवणाला नाही म्हणणाऱ्याची. फेरी झाली की मी सुपडूला मान हलवायचो आणि तो रेडिओवर म्हणायचा, "सब ठीक, ओव्हर." बघणे माझे, सांगणे त्याचे.

सुपडूचा आवाज मात्र झकास होता. शेजारच्या पोस्टवर अमळनेरचा एक ऑपरेटर आला, तेव्हा हा पठ्ठ्या रेडिओवर त्याच्याशी चक्क अहिराणीत बोलू लागला. बेसवरून कॅप्टनसाहेबांनी विचारले, "ये कौनसा कोड है?" शिक्षा म्हणून त्या आठवड्यात सुपडूने बर्फ वितळवून सगळ्या पोस्टला पाणी पुरवले, आणि तेही गाणी म्हणत.

सुपडू रजेवरून परतला की त्याच्याबरोबर त्याची बायको, सुमनवहिनी, बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, डबा धाडायची. त्यात एक पुडके वेगळे बांधलेले असे. ते माझे. तिने मला तोवर पाहिलेही नव्हते. 'नवऱ्याला जपणारा डाक्टरभाऊ' एवढी ओळख तिला पुरे होती. बंकरमधल्या शेगडीवर, बुखारीवर, भाजलेल्या त्या बिबड्यांची चव मला अजून विसरता येत नाही.

निवृत्तीनंतर मी धुळ्यात घर घेतले, सुपडू सोनगीरला शेतीत रमला. महिन्या-दोन महिन्यांनी माझी तिकडे चक्कर व्हायचीच. मग कोरोनाची दुसरी लाट आली. सुपडूला ताप चढला, खोकला सुरू झाला, तपासणी पॉझिटिव्ह आली. तो ओसरीतल्या खोलीत वेगळा राहिला आणि मी रोज संध्याकाळी फोन करू लागलो.

"पोस्ट सोनगीर, रिपोर्ट?"

"सब ठीक, डाक्टर. ओव्हर."

दोघेही हसायचो. मी त्याला लांब वाक्य बोलायला लावायचो, नंबर, रँक, नाव एका दमात म्हणवून घ्यायचो. तो न अडखळता म्हणायचा. ताप उतरत होता. माझा जीव भांड्यात पडला होता.

तरी एका सकाळी ऑक्सिमीटर खिशात टाकून, मास्क चढवून मी गाडी काढली. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, खोड जुनी आहे. सुपडू खाटेवर बसून खोकत होता. बोटाला यंत्र लावले, आकडा पंचाण्णव. श्वास बरा. मी म्हटले, "नुसता आवाज आहे तुझा. माणूस ठणठणीत आहे."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. एरवी मी अंगणात पाऊल टाकले की "जय भीम, भाऊ" असा खणखणीत आवाज यायचा. आज तिने नुसती मान हलवली, कप ठेवला आणि चौकट धरून उभी राहिली. खोकला नाही, ताप नाही. मी चहाचा घोट घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "चहा... ठेवू का?"

कप माझ्या हातात होता.

मी उठलो. तिला खाली बसवले. ओठ जांभळट झाले होते आणि खांदे प्रत्येक श्वासाला वर चढत होते. यंत्र लावले. आकडा पंच्याहत्तर. यंत्र बिघडले असेल म्हणून माझ्या बोटाला लावून पाहिले. यंत्र ठीक होते.

"दम लागतो का, वहिनी?"

"नही. थकवा शे... नुसता." प्रत्येक दोन शब्दांमागे श्वास. "त्यासले न्या. ताप... त्यासले शे."

"जेवण कधी केलं?"

ती सुपडूकडे बघत राहिली. तोही तिच्याकडेच बघत होता. त्याचा खोकला थांबला होता.

"मी रोज ओके रिपोर्ट दिन्हा," तो म्हणाला. "तिले मी इचारंच नही, डाक्टर."

"आता बोलू नकोस. गाडीचं दार उघड."

"ढोरेसनं कोन दखी?" वहिनीला गुरांची काळजी. शेजारच्या आबांनी कुंपणापलीकडून ओरडून सांगितले, "मी दखस, तू निंघ माय!"

हायवेला लागलो. काचा खाली. तिला मागच्या सीटवर पुढे वाकवून बसवले, उशीवर हात टेकवून. अशाने श्वास थोडा सुटा होतो. मी गाडी चालवत फोनवर फोन लावत होतो. पहिल्या दवाखान्यात खाट नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. तिसऱ्या ठिकाणी ऑक्सिजनची खाट मिळाली. डॉक्टरांनी तिचा चेहरा बघितला आणि एक प्रश्न न विचारता आत घेतले. आम्ही दोघे बाहेर भिंतीला टेकून उभे राहिलो.

आठवडाभर ती झुंजली. मग गेली. मला फार वाईट वाटले. अजून वाटते.

कोणी सल्ला विचारला की मी एवढेच सांगतो: घरात एक आजारी पडला की सगळ्यांना बघा. विशेषतः चूल सांभाळणारीला. ती कणकण म्हणेल, थकवा म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही. तिच्याशी बोला, वाक्य पुरे होते का ऐका. ओठ बघा, नखे बघा. नीट बोलणारे माणूस गोंधळू लागले किंवा सारखे पेंगू लागले तर उद्याची वाट बघू नका.

बटालियनच्या स्थापना दिवशी आम्ही माजी सैनिक धुळ्यात जमतो. शहीद झालेल्यांची नावे वाचायचे काम सुपडूचे, आवाज त्याचाच चांगला म्हणून. त्या वर्षी त्याने सगळी नावे वाचली. दोन मिनिटे आम्ही सावधान उभे राहिलो. सुभेदारसाहेब 'विश्राम' म्हणणार, तेवढ्यात सुपडू समोर बघत म्हणाला, "सुमन सुपडू महाजन. सोनगीर."

कोणी मान वळवली नाही. सुभेदारसाहेबांनी घड्याळ बघितले आणि दोन मिनिटे पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.