अप्पांचा करडा ठिपका

आमच्या कंपनीत आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी. सिन्नरच्या एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी, तिच्या जिन्याखाली एक खोली, खोलीत एक टेबल, स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि तक्रारींचं रजिस्टर. किस्से गोळा करावेत असं माझ्या कधी मनात आलं नाही. माणूस लॅपटॉप घेऊन येतो, तक्रार लिहितो, चार दिवसांनी लॅपटॉप घेऊन जातो. किस्सा मात्र माझ्याकडेच राहतो. बारा वर्षांत खोली भरली.

त्यातही स्लीप मोडच्या तक्रारींची जात वेगळी. काम करताना बिघडला तर समजू शकतो, पण हे बिघडतात ते निजवल्यावर! रजिस्टरमध्ये ओळीनं लिहिलेलं आहे: "झोपत नाही." "झोपला की उठत नाही." "झोपेत फार तापतो." कंपनीत महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी ते रजिस्टर चुकून चाळलं आणि मला विचारलं, "हे सगळे पेशंट कोणाकडे दाखवतात सध्या?"

*

पहिला मान सेल्सच्या सानपांचा. सानपांना लॅपटॉप शटडाउन करणं म्हणजे अपशकुन वाटतो. झाकण लावायचं, बॅगेत टाकायचा आणि कंपनीची बस पकडायची. राहायला नाशिकरोडला. बस मोहदरीच्या घाटात येईपर्यंत लॅपटॉप बॅगेतल्या बॅगेत जागा व्हायचा, पंखा घरघरायचा, आणि आत हवा नाही म्हटल्यावर तव्यासारखा तापायचा.

सानपांनी रीतसर तक्रार लिहिली. मी कारण शोधून काढलं. झाकण लावलं तरी तो आतल्या आत इंटरनेट हुडकत राहायचा, आणि अपडेट आलं की उठून बसायचा. सेटिंग बदलायचं, दहा मिनिटांचं काम. म्हटलं, ठेवून जा.

जानेवारी चालू होता. आमच्या सकाळच्या बसच्या अर्ध्या खिडक्या लागत नाहीत आणि निफाडकडचा गारठा तिकीट न काढता आत येतो. सानपांनी बॅग उचलून छातीशी धरली आणि म्हणाले, "होळीनंतर करू."

*

मग हेड ऑफिसहून आलेलं एक सॉफ्टवेअर आमच्या एचआरच्या दीक्षित मॅडमनी सुरू केलं. ज्याच्याकडे लॅपटॉप, त्याच्या नावापुढे एक ठिपका. लॅपटॉप जागा असेल तर ठिपका हिरवा, म्हणजे माणूस काम करतोय. लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की ठिपका करडा, म्हणजे माणूस काम करत नाहीये. महिनाअखेरीला टक्केवारी. चाळीसच्या खाली ज्याची टक्केवारी, त्याचं नाव नोटीस बोर्डावरच्या "सुधारणा यादी"त. सलग तीन महिने यादीत राहिला तर त्याची बदली कंपनीच्या नव्या युनिटला, म्हणजे थेट दुसऱ्या राज्यात.

पहिल्या महिन्यात यादीत पहिलं नाव लागलं अप्पा आव्हाडांचं. टक्केवारी सहा.

अप्पा डिस्पॅचला. सव्वीस वर्षं झाली, त्यांच्या हातून एकही ट्रक चुकीचा माल घेऊन गेला नाही. कोणत्या गाडीत काय भरलंय हे गाडी गेटबाहेर गेल्यावरही तोंडपाठ. त्यांचं गाव कंपनीपासून तीन किलोमीटरवर. काकूंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. घरात दुसरं कोणी नाही. एक वाजता जेवणाची सुट्टी झाली की अप्पा मोटरसायकलवर घरी जातात, काकूंना जेवू घालतात आणि दोनच्या ठोक्याला परत येतात. स्वतः जेवतात की नाही, हे आम्ही कोणी विचारलं नाही, याची मला आज लाज वाटते.

यादी वाचून ते माझ्याकडे आले. म्हणाले, "योगेश, त्या ठिपक्याचं काय ते बघ बाबा. तिकडं बदली झाली तर हिला कोन भरवनार?"

*

त्याच महिन्यात यादीच्या शेजारी "महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी" म्हणून फोटो लागला स्टोअरच्या देवरेंचा. टक्केवारी सत्त्याण्णव.

देवरे मूळचे नामपूरचे. माणूस भला, पण कामाच्या पाठीमागे धावणारा नव्हे. त्यात त्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला चार दिवस गावी गेलेले. त्यांच्या केबिनला कुलूप, आणि चारही दिवस ठिपका हिरवागार. मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, लग्नघरातूनसुद्धा काम करतात."

मी केबिन उघडून पाहिली. देवरे गावी जाताना लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून टेबलावर उघडाच ठेवून गेले होते. शेजारी वायरलेस माउस. टेबल भिंतीला टेकलेलं आणि भिंतीपलीकडे आमचं मोठं प्रेस मशीन. प्रेसचा ठोका पडला की भिंत हादरे, टेबल हादरे, माउस जरासा सरके आणि लॅपटॉप डोळे उघडून बघे. प्रेस तिन्ही शिफ्ट चालतं, त्यामुळे देवरेही तिन्ही शिफ्ट कामावर होते.

ते परत आल्यावर मी म्हटलं, "देवरे, टेबल वीतभर पुढे ओढलं की बिघाड गेला." देवरेंनी आधी फोटोकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि थेट अहिराणीत आले. "भाऊ, त्याले काहीच व्हयेल नही शे. ऱ्हाऊ दे."

*

अप्पांच्या लॅपटॉपचं दुखणं नेमकं उलटं. जागाच राहत नव्हता. ते दोन शब्द टाइप करायचे की स्क्रीन काळी. मी बॅटरी बदलली, ड्रायव्हर बदलले, सगळं विंडोज नव्यानं टाकलं. माझ्या टेबलावर तो दिवसभर टक्क जागा राही. अप्पांपुढे ठेवला की दोन मिनिटांत झोपे. शेवटी मी माझा स्वतःचा लॅपटॉप त्यांना दिला. तोही झोपला.

दीक्षित मॅडम म्हणाल्या, "लॅपटॉप बदलून उपयोग नाही. समस्या माणसात आहे."

आणि मॅडमचं खरं निघालं! एकदा अप्पा माझ्या खोलीत चहा प्यायला बसले होते. त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि उचलला, तर माझे सुटे स्क्रू मनगटाला लटकलेले. हातात चुंबकाचं कडं. संधिवातावर गुण येतो म्हणून बाजारातून घेतलेलं. झाकण लागलं की नाही, हे लॅपटॉपला झाकणातल्या चुंबकावरून कळतं. अप्पांनी टायपिंगला हात टेकला की बिचाऱ्याला वाटायचं, झाकण लागलं, झोपा आता.

कडं काढलं. लॅपटॉप जागा राहू लागला. मी स्वतःवर इतका खूश झालो की कँटीनमध्ये सगळ्यांना भजी खाऊ घातली. महिनाअखेरीला टक्केवारी आली. अकरा.

कारण सरळ होतं. अप्पा दिवसभर असतात धक्क्यावर, ट्रकपाशी. लॅपटॉप असतो केबिनमध्ये. त्याला हात लावायला त्यांना दिवसाकाठी अर्धा तास मिळतो. मी हे मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग ट्रक भरताना लॅपटॉप सोबत ठेवायचा."

*

मध्येच एका सकाळी दोन सर्क्युलर आली. पहिलं: कामगिरीची नोंद अचूक व्हावी म्हणून सर्व लॅपटॉपचा स्लीप मोड कायमचा बंद करावा. दुसरं: वीजबचत सप्ताहानिमित्त सर्व लॅपटॉप दोन मिनिटांत स्लीपमध्ये जातील अशी व्यवस्था करावी. दोन्हींवर सही दीक्षित मॅडमची. खाली माझं नाव, "तातडीने अंमलबजावणी".

मी दोन्ही कागद घेऊन गेलो आणि नम्रपणे विचारलं, यातलं कोणतं पाळू? मॅडमनी दोन्ही वाचले. म्हणाल्या, "दोन्ही वेगवेगळ्या फाइलला जाणार आहेत. तुम्हाला काय अडचण आहे?"

मी दोन्ही पाळली. सकाळी एक, दुपारी दुसरं. दोन्हींचे अंमलबजावणी अहवाल मंजूर झाले.

*

अप्पांचा तिसरा महिना लागला तेव्हा मला राहवेना. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो, दार लोटलं आणि म्हटलं, "अप्पा, तुमचा लॅपटॉप देवरेंच्या टेबलावर ठेवू. प्रेस आहे, भिंत आहे. महिनाभरात नव्वदच्या पुढे जाल. कोणाला कळणार नाही."

अप्पा गाडीचे कागद तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "देवरेला समजंल."

"देवरे कशाला बोलतील?"

"बोलायचा नाय तो. पन रोज समोर भेटतो ना." मग कागदावर सही केली, पेन खिशाला लावलं. "आन हिला काय सांगू? प्रेसनं नोकरी राखली म्हनून?"

मी परत आलो. रागच आला होता मला त्यांचा. इतकं सरळ माणसानं असू नये, निदान दुसऱ्यांना त्रास होईल इतकं तरी नसावं.

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हेड ऑफिसहून रणदिवे साहेब आले. हे सॉफ्टवेअर सगळ्या युनिटांत लावणारे तेच. बदलीच्या ऑर्डरवर सही होण्याआधी प्रत्येक "केस" प्रत्यक्ष पाहायची, असा त्यांचा नियम. महिनाभर ते एकेका युनिटला जाऊन एकेका माणसामागे दिवसभर फिरत होते. सकाळी आल्या आल्या मला म्हणाले, "सिस्टिम सगळ्यांना सारखी. मी हेड ऑफिसलाही सोडलेलं नाही." त्यांनी लॅपटॉपचं झाकण लावलं, बॅग अप्पांच्या केबिनमध्ये ठेवली आणि वही घेऊन अप्पांच्या मागे निघाले. मलाही सोबत घेतलं, सिस्टिमची काही शंका निघाली तर म्हणून.

त्या दिवशी अप्पांनी नऊ गाड्या भरल्या. एका गाडीत पेट्या कमी चढल्यात, हे नुसत्या टायरकडे बघून ओळखलं. एका ड्रायव्हरचे कागद सुधारून दिले. दुसऱ्या एकाला दारू प्यायल्याच्या संशयावरून खाली उतरवलं, शिव्या खाल्ल्या, आणि दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत गाडी हलू दिली नाही. एक वाजता म्हणाले, "साहेब, मी तासाभरात येतो, घरी जेवन हाय." रणदिवे म्हणाले, मीही येतो. मोटरसायकलवर मागे बसून गेले. दोनला परत आले तेव्हा त्यांची वही खिशात होती.

साडेपाचला तिघेही केबिनमध्ये आलो. अप्पांनी चहा मागवला. रणदिवे साहेबांनी रिपोर्ट लिहायला म्हणून लॅपटॉप उघडला. दिवसभराच्या झोपेतून तो सावकाश जागा झाला आणि पहिलीच मेल आली, सिस्टिमकडून, आपोआप जाणारी. मी मागेच उभा होतो, दिसली.

"प्रिय श्री. रणदिवे, या महिन्यातील आपली सक्रियता नऊ टक्के आहे. आपले नाव सुधारणा यादीत समाविष्ट करण्यात येत आहे."

साहेबांनी ती दोनदा वाचली. चहा आला, निवला. मग त्यांनी विचारलं, "आव्हाड, त्या नव्या युनिटला फॅमिलीसाठी क्वार्टर्स आहेत का हो?"

"म्या इचारलं व्हतं साहेब," अप्पा म्हणाले. "नाय म्हनले."

रणदिवे साहेबांनी लॅपटॉपचं झाकण लावलं, फोन उचलला आणि दीक्षित मॅडमना लावला.

"मॅडम, ती यादी बोर्डावरून आत्ताच्या आत्ता काढा. सगळ्या युनिटांना तसं कळवा. बदल्याही रद्द. नाही, नाही, सिस्टिममध्ये काही चूक नाही. पण त्या यादीत कामाची माणसं आहेत, मी स्वतः खात्री केलीय."