थरथरत्या हाताची खंडेनवमी

शिंदे की छावनी या जुन्या फौजी वस्तीतल्या विश्वासराव जगदाळ्यांच्या पणजोबांनी फौजेत तलवार चालवली, आजोबांनी बंदुका दुरुस्त केल्या आणि विश्वासरावांनी ग्राफिक्स कार्डं. घराण्याची ही उतरती भाजणी, असं ते स्वतःच म्हणायचे. पण म्हणताना मिशीला पीळ देत, म्हणून कुणी ते मनावर घेत नसे.

जयेंद्रगंजात त्यांचं दुकान. कॉम्प्युटरवर खेळ खेळणाऱ्यांची मेलेली कार्डं तिथे यायची. पडद्यावर चित्र उमटवायचं काम या कार्डाचं; ते बसलं की खेळही बसला. विश्वासराव डोळ्याला भिंग लावायचे, नखाएवढी चिप उपसायचे, नवी बसवून डाग द्यायचे आणि कार्ड पुन्हा उठून बसायचं. त्या हाताचा त्यांना कोण अभिमान!

मागच्या वर्षी तोच उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काळजी नको. गोळ्या घेतल्या, थरथर तशीच राहिली. मग विश्वासरावांनी हात खिशात घातला आणि तो तिथेच ठेवला. कुणी मेलेलं कार्ड आणो की नुसतं जुनं, अडखळणारं, ते म्हणायचे, "नवीन घ्या." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हात चालत नाही हे सांगायला जीभ रेटेना.

शेजारच्या मोहितला आपलं गणवेशांचं दुकान वाढवायचं होतं. तोंडी बोलणं झालं, दसऱ्याला किल्ली द्यायची. "घरी बसून करणार काय? माझ्या डोक्यावर मिरे वाटणार," असं विश्वासरावांच्या बायकोने, सुधाताईंनी, बोलूनही दाखवलं. दुकानाशिवाय आपण कोण, हे विश्वासरावांना खरंच ठाऊक नव्हतं.

खंडेनवमीला त्यांनी दुकानात पाट मांडला. फौजी घरांत या दिवशी शस्त्रं पुजतात, आणि ज्याचं जे हत्यार तेच त्याचं शस्त्र. सोल्डरिंग आयर्न, चिमटे, स्क्रू ड्रायव्हर, भिंग, सगळं ओळीने ठेवलं. पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा घरचा दंडक. या वेळी दसऱ्यालाही उचलायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. झेंडू वाहताना हात इतका हलला की फूल पाटाखाली गेलं.

पुतणी सोनिका तेव्हा प्रसादाला आली होती. ती इंदूरला एका कंपनीत नवे खेळ तपासायचं काम करायची. तिने फूल पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे मात्र वळली. त्यात विश्वासरावांनी हात स्थिर असताना दुरुस्त केलेलं शेवटचं कार्ड होतं.

"काका, यावर नवा गेम चालवून पाहू?"

"म्हातारं झालंय ते. अडखळेल. आणि आज हत्याराला हात लावायचा नाही."

"हत्यार लागणारच नाही ना. बस, सेटिंग बदलायची."

विश्वासराव हसले. स्क्रू ड्रायव्हर न लावता कार्डाची ताकद वाढलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

खेळ सुरू झाला. एक घोडेस्वार झुलत्या पुलावरून निघाला आणि दर दोन पावलांना ठेचकाळू लागला. सोनिकाने सेटिंगची यादी उघडली. "तीन कंपन्यांची तीन तंत्रं आहेत, काका. कार्ड चित्र छोटं काढतं, हे तंत्र ते मोठं करून देतं. डीएलएसएस इथे नाही चालणार, त्याला त्याच कंपनीचं नवं कार्ड पाहिजे. एफएसआर नि एक्सईएसएस दुसऱ्यांच्या जुन्या कार्डांवरही चालून जातात. आजकाल पुष्कळ गेमवाले तिन्ही ठेवतात."

"म्हणजे खोटं चित्र," विश्वासराव म्हणाले. "बेईमानीच झाली ही."

सोनिकाने एफएसआर लावलं. घोडा धावला.

विश्वासराव उठले. भिंग पाटावर, म्हणून चष्मा काढून त्यांनी नाकच पडद्याला टेकवलं. पुलाची एकेक तार वेगळी दिसत होती. खोट काढायची सवय जाते थोडीच; म्हणाले, "त्या उडत्या पाखरामागे पुसट शेपूट राहतंय." सोनिकाने एक्सईएसएस लावलं. खेळ जरासा मंदावला, पण शेपूट आखूड झालं.

"छोट्या चित्रात ही तार मावणार नाही," ते हळूच म्हणाले. "मग आली कुठून?"

"कार्ड दर वेळी चित्र केसभर हलवून काढतं. या वेळी तार सुटली, तर पुढच्या वेळी सापडते. मागची चित्रं लक्षात ठेवून, कोण किती सरकलं ते गेमकडून घेऊन, सगळं जोडतं. तिघांची जोडायची तऱ्हा वेगळी, पण हलवणं सगळ्यांचं सारखंच."

"हलवतं? चुकून?"

"जानबूझकर, काका. स्थिर ठेवलं तर जे सुटलं ते कायमचं सुटलं."

विश्वासराव थक्क होऊन उभे राहिले. देवळात उभं राहावं तसे. त्यांचा उजवा हात केव्हाच खिशातून बाहेर येऊन टेबलावर टेकला होता आणि खुशाल थरथरत होता. ते सोनिकाला दिसलं, त्यांना नाही. हा हात आता चिप बसवणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. ते काही भोळे नव्हते. पण किती जणांना आपण "नवीन घ्या" म्हणून परत पाठवलं, आणि त्यांच्या कार्डांत हे सारं होतं! वर्षभर आपण कार्डांकडे पाहिलंच नाही, फक्त हाताकडे पाहत बसलो.

दसऱ्याच्या संध्याकाळी मोहित दुकानाच्या दारात आला. "तो अंकल, आज चाबी..."

विश्वासरावांनी शमीची पानं उचलली. डावा हात पुढे जात होता, तो त्यांनी मागे घेतला. सोनं डाव्या हाताने देत नाहीत. वर्षभरात पहिल्यांदा, भर बाजारात, त्यांनी उजवा हात समोर धरला. पानं सळसळू लागली.

"अंकल, आपका हाथ..."

"हिलता है. हिलने दो," विश्वासराव म्हणाले. "चाबी अभी नहीं, बेटा. दुकान में काम निकल आया है."

मोहितने, एकही पान खाली पडू नये म्हणून, दोन्ही हातांची ओंजळ त्या हाताखाली धरली.