आतडं मनाला विचारत नाही

पंगतीत बसून माणसाच्या आतड्याबद्दल बोलायची लाज ज्याला जन्मात वाटली नाही असा माणूस अख्ख्या मावळात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या मावशीचा नवरा निघाला. काका लोणावळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवत. घरी आलेल्याला "या, बसा" म्हणण्याआधी "काय खाऊन आलात?" असं विचारत आणि ते अन्न या घटकेला कुठवर पोचलं असेल ते स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवत. एकदा वर्गात दाखवायला म्हणून त्यांनी खाटकाकडून बोकडाचं आतडं आणलं आणि मावशीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. बरणी मावशीने उघडली. पुढचं सांगवत नाही; पौषातल्या थंडीत काकांना विहिरीवर गार पाण्याने अंघोळ करावी लागली आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांचं पान स्वयंपाकघराबाहेर मांडलं जाई.

त्यांचं खरं वेड म्हणजे 'निरोप'. जठरातलं आंबट अन्न लहान आतड्यात उतरलं, की आतड्याचं अस्तर रक्तात एक हॉर्मोन सोडतं; ते रक्तातून हिंडत स्वादुपिंडाला गाठतं आणि तिथून पाचकरस सुटतो. त्यात भाताला एक एन्झाइम, डाळीला दुसरं, तुपाला तिसरं. शिवाय तूप आलं की आणखी एक निरोप पित्ताच्या पिशवीला. "विलायतेत कुत्र्याच्या आतड्याच्या मेंदूकडे जाणाऱ्या नसा कापून पाहिल्या, तरी रस सुटलाच! आतडं मनाला विचारत नाही!" हे ते गुपित फोडल्यासारखं सांगत. घरी तांदूळ घालणारे कामशेतकडचे आबा एकदा म्हणाले, "आमची म्हस मेली तवा मला घास जाईना, मास्तर. मन थाऱ्यावर नसलं की अन्न अंगी लागत न्हाई." काका खवळले. "आबा, म्हशीचा आणि स्वादुपिंडाचा संबंध काय?"

पण कहर केला तो माझ्या बहिणीच्या लग्नात. तळेगावात आदल्या दिवशीची, सीमांतपूजनाची पंगत बसली होती. रीतीप्रमाणे एकेक जण श्लोक म्हणत होता. काकांची पाळी आली. पानात जिलबी, तिच्यावर साजूक तूप, शेजारी खुद्द व्याही. काकांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात जिलबीचा पुढचा प्रवास सुरू केला! जठरात तिचा लगदा झाला तेव्हा वाढपी जागच्या जागी थबकले. तिच्यावर हिरवं पित्त पडलं तेव्हा व्याह्यांनी हातातला घास पानात ठेवला. मला आजही आठवलं की घाम फुटतो. "आमची अन्नावरची वासना उडाली," असं म्हणून व्याही उठू लागले. लग्न उद्यावर आणि व्याही भरल्या पानावरून उठतोय! बाबा पांढरेफटक पडले. आणि आमचे काका? व्याह्यांचं मनगट धरून म्हणतात, "वासना उडू द्या हो! घास खाली गेला की रस सुटणारच. खाऊन तर बघा!"

शेवटी मावशी तुपाचं भांडं घेऊन पुढे आली. "हे मी रोज दोन्ही वेळेला ऐकते, आणि तरी जेवते," ती व्याह्यांना म्हणाली. "तुमच्यावर ही वेळ एकच दिवस आलीय. बसा." व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि बसले. बहिणीचं लग्न तिथे वाचलं. काका मात्र संध्याकाळी "पचलं ना?" विचारायला जानवसघरी गेलेच.

महायुद्धाच्या दिवसांत चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन मावशी गेली. तिचं तेरावं झाल्यावरही काका जेवत नाहीत असं कळलं, म्हणून मी बायकोला घेऊन लोणावळ्याला गेलो. आबा नवा आंबेमोहोर घेऊन आले होते. बायकोने त्याचाच मऊ भात केला, वर तूप घातलं. काकांनी एक घास तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. मला धक्का बसला तो त्यांच्या गप्प राहण्याचा. या माणसाला समोर अन्न असताना गप्प बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग घास गालात सारून त्यांनी उंबऱ्यावर टेकलेल्या आबांकडे पाहिलं. "आबा, तुमची म्हैस गेली तेव्हा... पहिला घास कधी गेला हो?"

"ध्यानात न्हाई, मास्तर," आबा हळूच म्हणाले. "पर गेला. तुमचा बी जाईल."

काकांनी पाण्याबरोबर तो घास कसाबसा गिळला. सवयीने त्यांचं बोट पोटाकडे निघालं आणि वाटेतच, छातीवर थांबलं.

"अजून इथंच आहे," ते म्हणाले.