टण्, खर्र आणि फच्च

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. मी सांगायला लागलो की तुम्ही हसणार, हसताना चहा सांडणार, आणि मग बोलणी मला बसणार. तशा माझ्या फजित्यांना तोटा नाही. पण बाकीच्या फजित्या लोक विसरले तरी, ह्या एकीचा पुरावा थेट शहरातल्या कपाटात कायमचा जपून ठेवलाय. आणि तो पुरावा गोळा कुणी केला? मीच!

मी माने. धाराशिवच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. भोंग्यातून "लोहाऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे" असं सांगणारा आवाज माझा. उभी हयात बोललो, ऐकलं कुणी नाही. पुकारून खाली बसतोय न बसतोय तोच खिडकीत एक डोकं यायचं आणि विचारायचं, लोहारा गाडी कुठं लागली? तरी आवाजावरची माझी श्रद्धा ढळली नाही. माणूस जातो, गाडी जाते, आवाज राहिला पाहिजे, असं माझं मत.

एकदा लोहाऱ्याहून आलेल्या गाडीत कुणाचा तरी दिवाळी अंक राहिला होता. त्यात एक विज्ञानकथा. चंद्रावर ज्वारी पेरलीय आणि पाखरं राखायला यंत्रमानव ठेवलाय! उभ्या उभ्या वाचत गेलो, आणि ऐन रंगात आल्यावर बघतो तर शेवटचं पान गायब. कुणीतरी त्यात शेंगदाणे बांधून नेले असणार. लेखकाचा पत्ता लोहाऱ्याचाच निघाला. पुढच्या सुट्टीला गाडी धरली आणि शेवट विचारायला थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

ते लेखक म्हणजे आप्पा. तेव्हापासून आमचं जमलं. आप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान, मागं घर. कपाळाला भस्म, अंगात कोपरी, आणि लिहायचं खताच्या जाहिरातींच्या कोऱ्या बाजूवर. घरात ते आणि महानंदाकाकू. दोघं भांडायला लागले की कन्नडमध्ये शिरतात, म्हणजे पाहुण्याला कळू नये. पाहुण्याला सगळं कळतं, ती गोष्ट वेगळी.

तर झालं असं, की विज्ञानकथा लिहिणाऱ्या जुन्या लेखकांच्या मुलाखती आवाजात साठवून ठेवायच्या, असं शहरातल्या काही मंडळींनी ठरवलं. त्यांच्यातल्या एक शुभदाताई. त्यांना मी म्हणालो, आमच्या लोहाऱ्यात एक रत्न आहे, ते माझ्यावर सोडा. त्यांनी काडेपेटीहून जरा मोठं असं एक आवाज टिपायचं यंत्र पाठवलं. काकूंनी त्याचं नाव ठेवलं डबी. डबीवर एक लाल दिवा. दिवा स्थिर असला तर टिपणं चालू, लुकलुकला तर बंद.

पहिल्या खेपेला आप्पा दोन तास बोलले. दिवा पहिल्या मिनिटापासून लुकलुकत होता. मला वाटलं, यंत्र उत्साहात आहे.

दुसऱ्या खेपेला मात्र मी शपथ घेतली. जग इकडचं तिकडं होऊ दे, दिव्यावरची नजर हलवायची नाही! ही शपथ लक्षात ठेवा.

आता आप्पांची बोलायची तऱ्हा सांगतो. तोंड थोडं आणि हात फार. समोर दिसेल ती वस्तू उचलायची आणि तिचा ग्रह करायचा. त्या दिवशी जेवणं चालू होती, आप्पा जेवता जेवताच खुलले आणि आपल्या मोठ्या कादंबरीवर आले. लिहायला घेतलेली, शेवट न झालेली कादंबरी. चौदा माणसांचं एक यान फार लांब गेलंय. परत येतं तर पृथ्वी जागेवर नाही. सूर्य आहे, चंद्रसुद्धा भटकतोय, पृथ्वीची जागा तेवढी रिकामी. कल्पना करा, सगळे उतारू घेऊन तुम्ही गाडी आणली आणि बसस्थानकच नाही! मला तर ऐकूनच घाम फुटला.

"आन् शेवट काय म्हाईताय का?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी शेवट सांगितला. मी तीनदा "वा!" म्हणालो. दिवा स्थिर होता. मी धन्य झालो.

घरी येऊन मी ते ध्वनिमुद्रण साफ केलं. शुभदाताई म्हणाल्या होत्या की लेखकाचा आवाज स्वच्छ हवा. म्हणून मी काकूंचं "भाकरी वाढू का", कोंबडीचं ओरडणं, काकूंचं आणखी काय काय, सगळं नीट न ऐकताच कापून टाकलं. बायकांचा आवाज आला की त्यावरच्या उत्तरासकट काप, असा सपाटा. सोबतच्या कागदावर एक रकाना होता, 'प्रत्यक्ष उपस्थित'. त्यात झोकात लिहिलं, श्री. माने. फक्त मी. काकूंचं नाव घालायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पुढं वर्षभर भेटेल त्याला सांगत सुटलो, आप्पांच्या कादंबरीचा शेवट ह्या पृथ्वीतलावर दोघांनाच ठाऊक आहे, एक आप्पा आणि दुसरा मी.

वर्षानं आप्पा तापानं आजारी पडले. उठले, पण अधूनमधून एखादी गोष्ट निसटायला लागली. एक दिवस त्यांचा फोन आला, की कादंबरी शेवटापाशी आलीय आणि शेवटच आठवत नाही. पण काळजी नाही, तुमच्या डबीत आहेच की, घेऊन या.

मी ऐटीत गेलो. साफ केलेली प्रत लावली. आप्पा डोळे मिटून ऐकत बसले. डबीतून आप्पांचाच आवाज आला: "आन् शेवट काय म्हाईताय का? हे असं हाय. मग हे." टण्! "आन् मग हे असं सरकतंय." खर्र. "आन् मग, बघा हं... हे असं." फच्च. "संपलं." त्यावर माझा आवाज, "वा! वा! वा! काय शेवट!"

आप्पांनी डोळे उघडले. "असं म्हंजी कसं?"

मी म्हणालो, "असं म्हणजे... असं."

"व्हय, पण कसं? तुमी तर म्होरं बसला होताव. डोळ्यानं बघिटलंव."

आता खरं काय ते सांगायला हवं होतं, की आप्पा, मी दिवा बघत होतो. एवढंच वाक्य. पण वर्षभर गावभर मिरवलेला माणूस असं वाक्य बोलतो का? माझ्या डोक्यात ते फच्च फिरत होतं आणि तोंडातून निघून गेलं, "यान फुटलं, आप्पा."

"फुटलं?"

"फुटलंच. तुम्ही दोन्ही हातांनी करून दाखवलं."

आप्पा बोटांवर मोजायला लागले. मग म्हणाले, "चौदाच्या चौदा गेली? ती लेकराची आई बी?"

कुठली लेकराची आई? मला पत्ताच नाही. पण घसरलेली गाडी मध्येच कुठं थांबते? "ती तर पहिली गेली," मी म्हणालो.

"लई वंगाळ माणूस हाय की म्या," आप्पा म्हणाले आणि वही ओढून लिहायला बसले.

मग त्यांचे फोन सुरू झाले. आप्पा विचारायचे, यान फुटलं तर आधी आग कुठं लागली, मी काय म्हणालो होतो? मी म्हणायचो, बघून सांगतो, कुठंतरी टिपून ठेवलंय. तेरखेड्यात फटाक्यांचं काम करणारा माझा एक जुना उतारू आहे. त्याला विचारलं, बंद डब्यात दारू फुटली तर फच्च असा आवाज येईल का? तो म्हणाला, फुटली तर धडाम होतं, फच्च होतंय म्हणजे दारू ओली. मी लगेच आप्पांना कळवलं, तुम्ही म्हणाला होता की यानातलं इंधन ओलं होतं. आप्पांनी तेही लिहून घेतलं. एका थापेला टेकू द्यायला दुसरी, दुसरीला तिसरी. ओल्या इंधनाचं यान फुटतं कसं, हे ना आप्पांना उमगेना ना मला.

दीडेक महिन्यानं काकूंचा फोन आला. काकू कधी फोन करत नाहीत.

"मानेसाहेब, ह्यांनी वही बांधून माळ्यावर टाकाय सांगितली," काकू म्हणाल्या. "म्हणतेत, म्याच सांगितलेलं मला आठवंना, आन् दुसऱ्यानं सांगितलं तर माझं वाटंना. म्हंजी माझं डोकं गेलं. चार दिस झालं, नीट जेवले न्हाईत."

चहाचं राहू द्या, इथं मलाही हसू येत नाही. आप्पांचं डोकं शाबूत होतं. त्यांना तो शेवट आपला वाटत नव्हता, कारण तो त्यांचा नव्हताच. तो माझा आणि तेरखेड्याच्या उतारूचा होता. चंद्रावर ज्वारी पेरणारा माणूस माझ्या एका थापेपायी स्वतःला वेडा समजून बसला होता. मला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी.

शुभदाताईंना फोन करून सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, की न कापलेलं मूळ आहे ना? डबीच्या पोटात ते तसंच होतं. तेच मी अजून कधी नीट ऐकलं नव्हतं.

जीपमध्ये बसून लोहाऱ्यापर्यंत कबुलीजबाब पाठ करत गेलो. आप्पांपुढं बसलो आणि सगळा विसरलो. काही न बोलता मूळ ध्वनिमुद्रण लावून टाकलं. म्हटलं, निदान कोंबडी तरी ऐकतील.

आधी कोंबडी झाली, भाकरी झाली. मग आप्पांचं "हे असं हाय" आलं. टण्. खर्र. आणि फच्चच्या नेमकं आधी, मी ज्याला कात्री लावली होती तो काकूंचा आवाज आला, अगदी स्वच्छ:

"अवो मानेसाहेब, वर बघा की. ते तिकडं आमटीची वाटी उपडी घालायलेत, आन् तुमी त्या डबीकडं काय बघायलाव?"

त्याच्यामागून खणखणीत, बसस्थानकाला शोभेल असा माझा आवाज: "काकू, गप्प बसा जरा. महत्त्वाचं चाललंय."

आणि मग फच्च.

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "आप्पा, यान फुटलं नव्हतं. मी काहीच बघितलं नव्हतं. मी दिवा बघत होतो."

आप्पांनी डबी बाजूला सारली. मग त्यांनी काकूंकडं मान वळवली. "तुला म्हाईताय?"

"मला न्हाई तर कुणाला? सतरंजी म्याच धुतली की," काकू म्हणाल्या. "तांब्या ठिवला तो सूर्य. ताट सरकवलं ते आभाळ. सुपारी म्हंजी यान. आन् आमटीची वाटी म्हंजी पृथ्वी. म्या सतरंजी धुताना तुमीच मला म्हणलाव, ही मानसं पृथ्वी हुडकायलीत, पण पृथ्वीच जागा सोडून ह्यांना हुडकाय निघालीय. आन् गावली की वरून झाकून घेती, कोंबडी पिलाला घेती तशी. आन् घातली की वाटी उपडी, भरलेली."

"मग तू आजवर बोलली का न्हाईस?"

"इच्यारलं कुणी? तुमी ह्यांना इच्यारायचाव, हे डबीला."

काकूंनी भिंतीकडं सरकवलेली सतरंजीची कड उलगडली. वर्ष उलटून गेलं तरी हळदीचा गोल डाग तिथं होता. डागाच्या मधोमध सुपारीएवढा कोरा ठिपका. चौदा माणसं तिथं सुखरूप होती, लेकराच्या आईसकट.

आप्पांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा माझा," ते म्हणाले. "हा शेवट माझा हाय." आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझेही डोळे भरले होते. वही माळ्यावरून उतरवायला मीच चढलो. तेवढी शिक्षा मला हवीच होती.

आता ते मूळ ध्वनिमुद्रण, काकू, कोंबडी आणि माझ्या खणखणीत आवाजासकट, शहरातल्या कपाटात आहे. शुभदाताई म्हणतात, अख्ख्या मुलाखतीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य काकूंचं आहे. त्यांनी नवा कागद पाठवला. 'प्रत्यक्ष उपस्थित' ह्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, सौ. महानंदा. खाली एक ओळ रिकामी राहिली होती.

भीत भीत आप्पांना विचारलं, आप्पा, इथं माझं नाव घालू का, काही झालं तरी मी होतो तर खरं तिथं.

आप्पांनी जरा विचार केला.

"घाला की," ते म्हणाले. "फकस्त म्होरं लिवा, डबीपाशी."