बेबीताई बसतील असे पाटे

धामणगाव बढ्याचे गुलाबराव एसटीच्या आगारात मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एक जीप आणली, दारात उभी केली आणि तिच्या मागच्या चाकांखाली शिरले. तेव्हापासून गल्ली त्यांना फक्त पायांवरून ओळखू लागली. कुणी भेटायला आलं की पायांशीच बोलून जाई.

या शिरण्यामागं त्यांच्या बायकोची, बेबीताईंची कंबर होती. मणका सरकल्यापासून डॉक्टरांनी त्यांना धक्के वर्ज्य केले होते. इकडं बुलढाण्यात त्यांची लेक समता बाळंत झाली, नात मान धरू लागली, तरी आजीनं तिला फोनवरच पाहिलेलं. आता नामकरण ठरलं. जावई प्रसेनजित मऊ गाडी पाठवतो म्हणाला, पण जन्मभर जगाच्या गाड्या दुरुस्त करून बायकोला जावयाच्या गाडीत घालणं गुलाबरावांना पटेना. बेबीताईंनी त्यांना एक संधी दिली. धक्का बसला तर प्रसेनजितची गाडी, हे मात्र आधीच सांगून ठेवलं.

जीपच्या मागं लोखंडी कमानपाट्यांची थप्पी असते. पाटे जास्त तितकी जीप कडक. गुलाबराव एकेक पाटा काढत, मागं अर्धं पोतं ज्वारी ठेवून चक्कर मारत. एकदा बेबीताईंनी विचारलं, हे पोतं कोन? गुलाबराव खाली मान घालून म्हणाले, तू. बेबीताई घरात गेल्या आणि पायलीभर ज्वारी आणून पोत्यात ओतली. कामात त्यांना खोटं खपत नसे.

जीप पाळण्यासारखी झाली. ब्रेकही टेम्पोचे, मोठे बसवले. चाचणीच्या दिवशी बेबीताई मागच्या लांब सीटवर पाय पसरून बसल्या, आणि शेजारच्या विमलबाई समोर चढल्या. मोताळ्याले जायचंच होतं म्हणे. त्यांच्यामागून आणखी सहा जणांनाही जायचंच होतं. आमच्याकडं रिकामी गाडी नेणं म्हणजे माणुसकी सोडणं. पहिल्याच खड्ड्यात पाट्यांनी हात टेकले आणि लोखंडावर लोखंड आपटलं. बाकीचे सगळे उतरले, तर हलक्या झालेल्या जीपची मागची चाकं ब्रेक दाबताच जागच्या जागी जाम झाली आणि ती आडवी सरकली. बेबीताई उतरल्या आणि कंबर धरून पायी घरी निघाल्या.

गल्लीनं एकमतानं सल्ला दिला, की त्यांना एकटीलाच न्या. हा सल्ला देणारेच त्या दिवशी जीपमध्ये होते. गुलाबरावांनाही तो पटत आला होता. पण बेबीताई अंथरुणावरून म्हणाल्या, "नातीच्या नामकरणाले मी एकटी जाऊ? इमल बी यीन, सारेच येतीन. जीप तशी करा."

"करतो," गुलाबराव म्हणाले, आणि मलकापूरच्या भंगारबाजारात गेले.

तिथून दोन वस्तू आल्या. एक जाड पाटा, तो खाली जरा अंतर सोडून बसवला. एकटं माणूस असलं की तो गप्प. गर्दी झाली की गाडी दबते आणि तो खांदा देतो. दुसरा, एका पिकअपचा वॉल्व्ह. मागं भार असेल तसा मागच्या चाकांना ब्रेक देणारा. तो जमवायला पोतं कितीदा चढलं, उतरलं. शेवटी विमलबाईंनाच बसवून पाहिलं.

नामकरणाच्या दिवशी बेबीताई, मांडीवर कढीचं पातेलं, समोर विमलबाई आणि अवघी गल्ली. राजूर घाटात एका वळणापलीकडं ट्रक बंद पडून आडवा. गुलाबरावांनी ब्रेक दाबला. जीप सरळ रेषेत, हळूच बसल्यासारखी थांबली. सगळ्यांनी पातेल्याकडं पाहिलं. कढी काठापर्यंत आली, तिनं विचार केला आणि परत फिरली. तोवर लोकांनी ट्रक कडेला ढकलला.

"थांबले काऊन?" बेबीताई म्हणाल्या. "रस्ता झाला मोकळा. चला."

नातीचं नाव अर्पिता ठेवलं. आजीनं तिला दुपारभर खाली ठेवलं नाही. संध्याकाळी प्रसेनजितनं आपली मऊ गाडी दारात आणली, आई, हिच्यात आरामात जाल म्हणाला. बेबीताईंनी नात समताच्या हातात दिली आणि पदर खोचला.

"राहू द्या बापा. आपली गाडी हाय ना."