शेवटचा आकडा

शाळेत त्यांना कर्कटक बाई म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं "बाई". हे नाव कुठल्या वर्गाने ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण चपखल बसलं होतं. बाई उंच, सडपातळ, ताठ. चालतानासुद्धा मोजूनमापून पाऊल टाकायच्या. फळ्यावर वर्तुळ काढायचं झालं की जागेवर उभ्या राहून, खांद्यातून हात एकदाच फिरवून असं काही गोल काढायच्या, की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही घटकाभर गप्प व्हायची. नववी-दहावीला गणित शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. आवाज कधी चढवावा लागला नाही. चष्म्यावरून एक नजर टाकली की काम भागायचं.

पहिलीचा वर्ग तळमजल्यावर, जिन्याखालच्या टोकाला होता. बाईंच्या लेखी तिथून फक्त गोंगाट यायचा. शिक्षकांच्या खोलीत कुणी पहिलीतल्या गमतीजमती सांगायला लागलं की त्या पेपर तपासायला घेत.

"तिथे शिकवायचं काय असतं," एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "सांभाळायचंच असतं."

नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस मितभाषी. ते नुसतं "हं" म्हणाले आणि हाताचं काळं वंगण चोळचोळून धुवायला लागले.

त्या वर्षी पहिलीच्या बाईंना दिवस गेले होते. वर्ष संपायला थोडे महिने उरले असताना डॉक्टरांनी त्यांना सक्तीची विश्रांती सांगितली. बदली शिक्षक मिळेना. इकडे दहावीचा अभ्यासक्रम संपला होता आणि मुलं घरी बसून उजळणी करणार होती. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं आणि समोर चहा ठेवला. त्या खोलीत चहा सहसा मिळत नसे, त्यामुळे काहीतरी गळ्यात पडणार हे बाईंनी तेव्हाच ओळखलं.

"अडचण आहे, बाई," मुख्याध्यापक म्हणाले. "पहिलीला कुणीच नाही. तुमचे तास सध्या रिकामे आहेत."

"मला लहान मुलांची सवय नाही, सर."

"त्यात काय एवढं. एक ते शंभर आणि काना-मात्रा. तुमच्या डाव्या हातचा मळ."

बाईंनाही मनातून तसंच वाटत होतं. म्हणून त्या हो म्हणाल्या.

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर सुबक अक्षरात आकडे लिहिले, ते कसे काढायचे ते समजावलं आणि वळून पाहिलं. एकजण बाकाखाली होता. दोघींचं एका खोडरबरावरून जुंपलं होतं. कुणाला लघवीला जायचं होतं, ते ऐकून सगळ्यांनाच जायचं होतं. चष्म्यावरून टाकलेल्या नजरेचा कुणावरही काडीचा परिणाम झाला नाही. उलट एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही अशा का बघता? तुमचा चष्मा खाली घसरलाय." आणि तिने तो नीट वर सरकवून दिला.

ही टकळी. हे नाव तिला वर्गाने आधीच दिलेलं होतं, कारण तिचं तोंड झोपेत तरी बंद राहत असेल का याची सगळ्यांना शंका होती. तेवढ्यात एक मुलगा तळहात पुढे करून उभा राहिला. हातावर दुधाचा दात होता.

"बाई, हा पडला."

बाईंना त्रिकोणमिती तोंडपाठ होती. पण पडलेल्या दाताचं काय करायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या खिशात घातला. पोरगं हसलं. समोर खिंडार पडलं होतं. त्या दिवसापासून वर्ग त्याला बोळक्या म्हणायला लागला आणि त्यालाही त्यात मोठा मान वाटायला लागला.

घरी येऊन बाई खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. नवऱ्याने आमटी-भात केला आणि काही न विचारता पुढ्यात ताट ठेवलं.

पहिला धक्का त्यांना आठवड्याभरात बसला. वर्गात मोजायला रंगीत बटणांचा डबा होता. बोळक्याने समोर सात बटणं मांडली आणि बोट ठेवत नीट मोजली. सात. बाईंनी सहज ती बटणं जरा लांब लांब सरकवली.

"आता किती?"

बोळक्याने ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. "आता जास्त झाली."

"अरे, मी एकतरी बटण घातलं का?"

"नाही."

"मग?"

"पण आता जास्त आहेत ना, बाई." त्याने समजावणीच्या सुरात सांगितलं. बाईंना दिसत कसं नाही, याचं त्यालाच नवल वाटत होतं.

पोरगं मंद आहे, बाईंच्या मनात आलं. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं, मग तिसरीला. बहुतेकांचं उत्तर तेच. पाढे धडाधड म्हणणाऱ्या मुलीनेही तेच सांगितलं. त्या संध्याकाळी बाईंनी पहिलीच्या बाईंना फोन लावला.

"तुम्हाला त्रास देतेय. पण बटणं लांब ठेवली की ती वाढतात, असं ही मुलं म्हणतात."

पलीकडून हसू ऐकू आलं. "हो बाई, वाढतात अजून. मग एक दिवस वाढेनाशी होतात."

"पण शिकवायचं कसं ते?"

"सांगून बघा. मान डोलावतील आणि पुन्हा जास्तच म्हणतील. सात त्यांना तोंडाने म्हणता येतो. पण तो कसाही मांडला तरी सातच राहतो, हे त्यांचं त्यांनाच सापडायला लागतं. ते सापडतानाचा क्षण मला आजवर दोनदाच दिसलाय, बाई. अंगावर काटा येतो."

फोन ठेवला तरी बाईंच्या डोक्यातून ते जाईना. सात म्हणजे सात, हे त्यांना कधीतरी माहीत नव्हतं. मग एके दिवशी माहीत झालं. आणि तो दिवस त्यांना मुळीच आठवत नव्हता. एवढी मोठी गोष्ट घडून गेली होती आणि तिचा मागमूसही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फळ्याजवळची खुर्ची सोडली. मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून त्या बसायला लागल्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. एक मुलगी पाच लिहिताना जीभ बाहेर काढायची आणि आकडा पुरा झाला की जीभ आत जायची. एकजण मनातल्या मनात मोजताना पायाची बोटं हलवायचा, म्हणून त्याला बूट काढून बसायची परवानगी मिळाली. वजाबाकी करताना टकळी दरवेळी हळहळायची, कारण वजा केलेली बटणं एकटी पडतात असं तिचं म्हणणं होतं. बाईंनी ती बटणं ठेवायला दुसरी वाटी आणली. मग वजाबाकी सुरळीत चालू झाली.

वाचनात मात्र बोळक्याचं घोडं अडलं होतं. अक्षरं त्याला सगळी यायची. पण दोन अक्षरं शेजारी आली की त्याला ती एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं वाटायची. "न," तो म्हणायचा. "ळ," म्हणायचा. आणि बाईंच्या तोंडाकडे बघत बसायचा. असे कितीतरी दिवस गेले.

एका सकाळी तोच कागद समोर घेऊन तो बसला होता. "न. ळ." मग जरा घाईने, "न, ळ." मग तो थांबला. त्याचे डोळे कागदावरून उठले आणि हळूहळू वर्गाच्या कोपऱ्याकडे गेले. तिथे पाणी प्यायचा नळ होता. त्याची तोटी नीट बंद होत नसे, थेंब थेंब गळत असायची.

"बाई," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "हा तो आहे?"

"कोण, बाळ?"

"इथे लिहिलाय तो. तो हा आहे?"

"हो. तोच."

बोळक्या उठला. नळापाशी जाऊन त्याने तोटीवर हात ठेवला, खरंच आहे का ते बघावं तसा. परत आला आणि ओलं बोट त्या दोन अक्षरांवर टेकवलं. शाई जराशी पसरली. मग त्याने भिंतीवरचा दुसरा कागद वाचला. घर. मग तिसरा. त्याला आता वाचल्याशिवाय राहवेना. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला. एवढ्या वर्षांत शेकडो मुलांना त्यांनी बोर्डाच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवताना पाहिलं होतं. त्यातल्या कुणासाठी त्यांना चष्मा पुसावा लागला नव्हता.

आणि मग तो आकड्यांचा दिवस आला. वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते. शंभरपर्यंत मोजून झालं होतं आणि वर्गाला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. टकळी उठून उभी राहिली.

"बाई, सगळ्यात शेवटचा आकडा कुठला?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. आडव्या आठासारखं अनंताचं ते चिन्ह त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढलं होतं. पण या वेळी त्या म्हणाल्या, "मला सांगा, तुम्हाला कुठला वाटतो?"

"शंभर," अर्धा वर्ग ओरडला.

"शंभरानंतर एकशे एक असतो," पाढेवाली म्हणाली. "माझ्या दादाला येतो."

"मग हजार."

"माझे बाबा वजनकाट्यावर असतात," बूट काढून बसणारा म्हणाला. "तिथे ट्रक येतात. शेवटचा आकडा त्यांना माहीत असणार."

"लाख," बोळक्या म्हणाला. त्याला लाख म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण शब्द भारदस्त वाटला होता.

टकळी चक्क गप्प होती. तिचा चेहरा पाहून बाईंनी वर्गाला हाताने थांबवलं.

"लाखाला पण एक देता येईल ना?" टकळी म्हणाली. "एक बटण?"

"येईल."

"मग जो कुणी येईल त्याला एक देता येईल. तुम्ही कुठलाही सांगा." ती श्वास घ्यायला थांबली. "मग शेवटचा कधी येणारच नाही."

कुणी पाय हलवला नाही, कुणी पेन्सिल पाडली नाही. गळक्या तोटीचा आवाज ऐकू येत होता. मग पाढेवाली रडायलाच लागली.

"मग मोजून संपायचं कधी?" तिने विचारलं.

"संपत नाही, राणी," बाई म्हणाल्या. "कुणाचंच नाही संपत. माझंही नाही."

त्या तिला जवळ घेऊन बसल्या. त्यांनाही जरा आधार हवाच होता. जे त्या इतकी वर्षं नुसतं लिहीत आल्या होत्या, ते आज साक्षात समोर येऊन उभं राहिलं होतं. केवढं मोठं होतं ते. आणि त्याच्या काठाशी जाऊन आत डोकावणारी टकळी जेमतेम त्यांच्या कमरेला लागत होती.

त्या संध्याकाळी बाई घरी न जाता थेट नवऱ्याच्या दुकानात गेल्या. ते चाकाच्या तारा ताणून बसवत होते. बाईंनी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"अहो, टकळी घाबरली नाही," बाई म्हणाल्या. "मी घाबरले."

"तुला कुणी असं विचारलं नसेल कधी," ते म्हणाले. मग त्यांनी चाक फिरवलं आणि दोघंही ते थांबेपर्यंत बघत बसली.

पुढे पहिलीच्या बाईंना मुलगी झाली. सुट्टीनंतर नवं वर्ष सुरू होताना बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि मला सकाळी पहिली द्या, दहावीचे थोडेच तास दुपारी घेईन, असं म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी आधी चेष्टा समजून सोडून दिलं, मग पालकांची भीती घातली, मग निकालाची. बाई हटल्या नाहीत.

"दहावीला चांगलं शिकवणारे आणखीही आहेत, सर. पण मला हे जवळून बघायचंय. नोकरीची थोडी वर्षं उरलीत माझी."

शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली. वय झालं, असं एकजण म्हणाले. बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पहिलीच्या बाई बाळाला घेऊन रुजू झाल्यावर दोघींनी वर्ग वाटून घेतला.

एकदा नवरा बाईंचा विसरलेला डबा द्यायला शाळेत आला. त्या दिवशी वर्गात लांबी मोजायची होती आणि मोजण्याजोगं मोठं काही सापडत नव्हतं. मुलांनी त्यांच्याकडे आशेने पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग तो मितभाषी माणूस टोपी काढून व्हरांड्यात उताणा झोपला आणि पोरांनी त्याच्या टाचेपासून खडू एकापुढे एक लावायला सुरुवात केली. केस धरायचे की नाही यावरून वाद पेटला. एका मुलीने खडूंमध्ये फट सोडली होती, ती दुसरीने पकडली. सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"मी किती भरलो?" त्यांनी मान न हलवता विचारलं.

"अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या. त्या शेजारी जमिनीवरच बसल्या होत्या आणि खडूंवरची त्यांची नजर हटत नव्हती. "हलू नका."

दुकान बंद होतं, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं असणार. पण मधली सुट्टी होईपर्यंत ते हलले नाहीत.